गिरणीच्या सुरात गाणारी माणसं

अकराव्या घरातून बाहेर पडताना गाणंबाईंनी डाव्या पायात चप्पल सरकवली आणि मान हलवली.

"वर आहे. अगदी केसभर, पण वर आहे."

दारात उभ्या असलेल्या शिंप्याचा चेहरा पडला. "वर म्हणजे काय हो? चार वर्षं झाली घेऊन. आमच्या फ्रिजला आजवर कुणी नाव ठेवलं नाही."

"नाव कुठे ठेवतेय? गुणी आहे फ्रिज. फक्त आमच्या पट्टीत नाही."

शिवणबाई फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांनी शिंप्याला हात जोडले, त्यात माफीही होती आणि आभारही, आणि दोघी पुन्हा चालू लागल्या. दुपारी एकला जेवणाचे डबे धुऊन निघाल्या होत्या, आता साडेतीन वाजून गेले होते. शिवणबाईंच्या पोटऱ्या बोलायला लागल्या होत्या. दोघी एकाच शाळेत, एक मुलींना टाके शिकवायची, दुसरी सगळ्यांना गाणं. बावीस वर्षं शाळेतून घरी त्या बरोबरच चालत गेल्या, पण ती वाट वीस मिनिटांची. आज मात्र अर्धं गाव पालथं घातलं होतं, आणि तेही कशासाठी, तर एका गुणगुणणाऱ्या यंत्रासाठी.

त्याचं कारण सांगायला चौदा वर्षं मागे जावं लागेल.

शाळा सुटली की पोरांना न्यायला आलेली मोठी माणसं फाटकाबाहेर ताटकळत उभी असायची. पोस्टमन, न्हावी, दवाखान्यातली नर्स, दोन आज्या. गाणंबाईंना ते बघवलं नाही. "उभेच आहात तर गा तरी," म्हणाल्या, आणि त्यातून वस्तीचा गायकवृंद उभा राहिला. सार्वजनिक सभागृहाच्या समितीने त्यांना शनिवारी संध्याकाळचा एक तास दिला, आणि खोली दिली ती मागची, कुणाला नको असलेली. कारण तिची भिंत आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीची भिंत एकच होती. गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची आणि खिडकीची काच बारीक आवाजात रडायची.

पहिल्याच शनिवारी न्हावी म्हणाला, "बाई, ह्या घरघरीत गायचं कसं?"

गाणंबाई म्हणाल्या, "तिच्याशी भांडू नका. तिलाच सूर माना."

हीच ती चूक. गिरणीचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मधला, म्हणजे पेटीवर कुठेच नसलेला. त्यामुळे पेटी आठवडाभरात कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर लोक पिशव्या ठेवू लागले. माणसं सूर कानाने धरायच्या ऐवजी टाचेने धरायला शिकली. चपला दाराशी काढायच्या, फरशीवर उभं राहायचं, थरथर पोटरीपर्यंत चढली की तोंड उघडायचं. आणि गायची मात्र अशी, की शिवणबाई कधी ऐकायला गेल्या तर डोळे आपोआप मिटायचे, देवघरात बसल्यावर मिटतात तसे.

मग गेल्या सोमवारी गिरणीवाला गिरणी बंद करून मुलीकडे राहायला गेला.

बुधवारी जादा तालीम ठेवली होती. माणसं अनवाणी उभी राहिली. फरशी गप्प. पोस्टमनने एका सुरात सुरुवात केली, नर्सने दुसऱ्या, आणि दोघी आज्या तर तिसऱ्याच गावाला निघाल्या. गाणंबाईंनी पेटीवरच्या पिशव्या काढून सूर दिला, मोबाइलमधला तंबोरा लावला. व्यर्थ. "कानात शिरतं, पण पायात उतरत नाही," असं सगळ्यांचं म्हणणं.

आणि त्याच आठवड्यात समितीचं पत्र आलं. व्यायाम मंडळाने ती खोली मागितली आहे. गायकवृंद चौदा वर्षं नेमकं काय करतो ते समिती शनिवारी सहा वाजता येऊन ऐकेल आणि जागच्या जागी निर्णय देईल. खाली चिटणिसांची सही, लफ्फेदार.

तो शनिवार म्हणजे आजचा, आणि सहाच्या आत गिरणीच्याच सुरात घरघरणारं काहीतरी सापडायला हवं होतं.

"बाई, रागावू नका, पण विचारते," शिवणबाई चालता चालता म्हणाल्या. "नाही मिळाली खोली, तर माझ्या ओसरीवर गा. माझी ना नाही."

"तुमच्या ओसरीवर चौघं मावतील. आम्ही एकोणीस आहोत."

"मग पाळीपाळीने गा."

गाणंबाई हसल्या, पण पुरतं हसल्या नाहीत. पुढे थोडं चालून म्हणाल्या, "उन्हाळ्यात मी निवृत्त होतेय. शाळा माझ्या जागी कुणाला घेणार नाही, गाण्याच्या तासाला गणित घालणार आहेत. मोठ्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं, आणि वर विचारलं, पेन्शनसाठी खातं उघडलंत ना? मला सांगा, रोज उठून मी करायचं काय? हा एक तास आहे बघा माझ्याकडे. आठवड्यातला एक."

 शिवणबाईंनी मनातल्या मनात देवाला एवढंच सांगितलं, की एक बरा फ्रिज दे. असं मागणं आपण आयुष्यात पहिल्यांदाच मागतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि जरा लाज वाटली.

दंतवैद्याकडचं यंत्र जवळजवळ जुळलं होतं. पण खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाने एक अनवाणी बाई डोळे मिटून आपल्या शेजारी उभी राहिलेली पाहिली आणि तो दात न काढताच उठून गेला. चौकातल्या विजेच्या डब्याचा सूर तर तंतोतंत होता. गाणंबाईंनी त्याच्यापाशी चप्पल काढलेली पाहून पानाच्या टपरीतून एक म्हातारा ओरडला, "ओ बाई! मरायचंय का?"

"नाही हो, गायचंय!"

"मग लांब जाऊन गा!"

"हा चालला असता," गाणंबाई हळहळल्या. "पण उचलायचा कसा?"

शेवटी, पावणेपाचला, तेराव्या दारात गाणंबाई उंबऱ्यावरच थबकल्या. आत जायच्या आधीच. त्यांनी चप्पल काढली, पाऊल टेकलं, आणि शिवणबाईंचा दंड असा आवळला की पुढे दोन दिवस तिथे वळ होता.

"हाच."

शिवणबाईंनी दारावरची पाटी वाचली. घर चिटणिसांचं होतं.

चिटणीस समितीच्या बाकीच्या सदस्यांना आणायला गेले होते. चिटणीसवहिनींनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही, आणि मग कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे तुम्हाला हा फ्रिज हवाय."

"दोन तासांसाठी," गाणंबाई म्हणाल्या.

"दोन तास कशाला? कायमचा न्या! एकवीस वर्षं सांगतेय ह्यांना, बदला, बदला. चालू झाला की भांडी नाचतात. ह्यांचं आपलं एकच, अजून गार करतोय ना? घेऊन जा. आतलं सामानही असू दे, मी आता कुठे काढत बसू?"

"पण त्यांना न विचारता..." शिवणबाई चाचरल्या.

"मला विचारलंत ना? स्वयंपाकघर माझं आहे."

गायकवृंदातले खालच्या सुरातले चौघे आले. पोस्टमन, न्हावी आणि दोघे गवंडी भाऊ. फ्रिज उभाच न्यायचा म्हणून हातगाडीवर दोरांनी बांधला, आणि चौघे त्याला चारी बाजूंनी धरून असे चालले की रस्त्यात दोघातिघांनी प्रेतयात्रा समजून टोप्या काढल्या. सहाला दहा मिनिटं असताना तो मागच्या खोलीत भिंतीला लागला. खटका दाबला. आधी काहीच नाही. मग आतून कुणीतरी घसा खाकरावा तसा आवाज, आणि पाठोपाठ फरशी थरथरली.

एकोणीस माणसांचे चेहरे एकदम सैल झाले. धाकटी आजी तर रडलीच. गाणंबाईंनी नुसता हात वर केला आणि पहिली ओळ उठली, एका गळ्यातून आल्यासारखी. शिवणबाईंनी पदराने डोळे टिपले.

समिती आली. पाच माणसं पाच खुर्च्यांवर बसली. मधले चिटणीस. त्यांनी कागद काढला, चष्मा लावला, आणि त्यांची नजर भिंतीकडे गेली.

"हा फ्रिज कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो," ते म्हणाले.

 न्हाव्याने छताकडे पाहिलं.

"आणि गाण्याच्या खोलीत फ्रिजचं काय काम?"

"साथीला आहे," गाणंबाई म्हणाल्या.

चिटणिसांनी कागदावर काहीतरी लिहिलं. गाणंबाईंनी हात वर केला. एकोणीस छात्या भरल्या. आणि त्याच क्षणाला फ्रिजने एक झटका दिला, बाटल्या खळखळल्या, आणि तो बंद पडला.

हात वर तो वरच. पोस्टमन एका सुरात सुटला, नर्स दुसऱ्या. तिसऱ्या शब्दाला सगळे थांबले. खोलीत इतकी शांतता झाली की चिटणिसांच्या शेजारच्या सदस्याचं पोट वाजलेलं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. शिवणबाईंनी देवाचं नाव घेतलं. गाणंबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. बावीस वर्षांत शिवणबाईंनी तो तसा पाहिला नव्हता.

"बंद नाही पडला तो," चिटणीस कागदावरून नजर न काढता म्हणाले, घरी म्हणतात त्याच त्रासिक आवाजात. "गार झाला की गप्प बसतो. दार उघडून धरा, बोलेल."

मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हळूच मान वर केली. फ्रिजच्या दारावर डाव्या कोपऱ्यात पोचा होता, त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. पण समितीचे बाकीचे चौघे त्यांच्याकडे बघत होते, आणि आपलाच फ्रिज आहे हे भरसभेत म्हणायचं कसं, हे काही त्यांना उमगेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

गाणंबाई तोवर शिवणबाईंपाशी आल्या होत्या. त्यांनी शिवणबाईंचा हात धरून फ्रिजच्या मुठीवर ठेवला. दार उघडलं. आत दिवा लागला, दुधाचं पातेलं, अर्धं कलिंगड आणि चिटणिसांच्या नावाची चिठ्ठी लावलेली औषधाची बाटली सगळ्या समितीला दिसली. यंत्राने घसा खाकरला. फरशी थरथरली.

"बाई, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही," गाणंबाई पुटपुटल्या. "गाणं अकरा मिनिटांचं आहे. हे दार असंच उघडं धरून उभ्या राहा. हात भरून आला तर दुसरा हात लावा. कुणी म्हणेल वीज वाया जातेय, कुणी म्हणेल दूध नासेल, लक्ष देऊ नका. आणि गाणं संपलं म्हणून लगेच लावू नका. ते निर्णय सांगेपर्यंत धरून ठेवा."