झटका मशीन आणि माझे त्रेचाळीस फोटो

सर्किटचा फोटो काढणं हा डोकं उठवणारा उद्योग आहे, हे मी पंधरा वर्षं तो उद्योग करून सांगतो आहे. दिवा जवळ आणला की सोल्डरचे ठिपके आरशासारखे चमकतात आणि बाकी सगळं काळं पडतं. दिवा लांब नेला की मोबाइलला काय दाखवतोय तेच कळत नाही. तो आपला पुढे-मागे, पुढे-मागे करत बसतो. आयसीवरचा नंबर वाचावा म्हटलं तर बनवणाऱ्यानेच तो घासून टाकलेला असतो. कुणी चोरू नये म्हणून. अरे, सत्तर-ऐंशी रुपयांच्या डास मारायच्या बॅटमध्ये चोरण्यासारखं काय आहे बाबा?

मी यवतमाळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. म्हणजे दिवसभर पोरांनी बिघडवलेले मीटर सरळ करायचे आणि घरी येऊन गॅलरीतल्या टेबलावर लोकांनी टाकून दिलेले चार्जर, रेडिओ, इमर्जन्सी दिवे उघडायचे. उघडायचे आणि फोटो काढायचे. मोबाइलवर आमच्यासारख्या रिकामटेकड्यांचा एक ग्रुप आहे, तिथे टाकायचे. कुणीतरी ‘वा, काय स्वच्छ बोर्ड!’ लिहितं आणि माझा आठवडा बरा जातो. बायको एकदाच म्हणाली होती, “फोटो झाले, आता दुरुस्त कधी करता?” तो प्रश्न मला अजून टोचतो, कारण दहातली तीन दुरुस्त होतात.

माझा नियम मात्र पक्का होता. आधी फोटो, मग हात. कुठलीही वस्तू उघडली की काहीही हलवायच्या आधी तिचा फोटो घ्यायचा. मग ती कशीही विस्कटली तरी परत जशीच्या तशी जोडता येते. हा नियम मी पोरांना इतक्या वेळा ऐकवला आहे की ती माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात तो म्हणतात. तोच नियम मी मोडला, आणि मोडला कुठे, तर माझ्या सख्ख्या बहिणीच्या मशीनवर.

मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. तिचं शेत राळेगावच्या पुढे आहे. गेल्या मार्गशीर्षात चार एकर हरभरा उभा होता, घाटे भरायला लागलेले. त्या भागात हरभरा पेरला म्हणजे रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं आलीच. म्हणून शेताभोवती तार आणि बांधावर, आमच्या भाषेत धुऱ्यावर, खांबाला झटका मशीन. वरच्या सोलर पाटीवर बॅटरी भरते, मशीन दर सेकंदाला तारेत हलका झटका सोडतं, रोही एकदा नाक लावून बघतो आणि पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. मशीन चालू असताना टिक, टिक असा आवाज येत राहतो. तो आवाज बंद पडला, तेव्हा बाईने फोन केला.

“मशीन मुकी झाली रे. मिस्त्रीले बलावू का तू येतं?”

“मिस्त्रीला हातसुद्धा लावू देऊ नको,” मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. राळेगावचा मिस्त्री काय करतो, तर जुना बोर्ड उपटतो आणि नवीन बसवतो. त्याला दुरुस्ती म्हणतात का? मला त्याचा रागच होता. रविवारी गाडी काढून गेलो, खांबावरचा डबा सोडवला, बॅटरी तिथेच ठेवली आणि बोर्ड तारांसकट पिशवीत घातला. बाईने विचारलं, “किती दिस?” मी म्हटलं, “दोन.” भाटव्यांचे, बाईच्या नवऱ्याचे, गुडघे गेलेले, त्यांना बांधावरून चालवत नाही. म्हणजे मशीन येईपर्यंत जागलीला, रात्रभर शेतात बसून डबा बडवायला, बाईच जाणार होती. हे मला माहीत होतं. ती साठीची आहे, हेही माहीत होतं.

घरी येऊन बोर्ड टेबलावर ठेवला आणि जीव विटला. पालीच्या अंड्यांची टरफलं, मुंग्यांनी आणलेली माती, वरच्या बाजूला मिस्त्रीने ओतलेला पिवळा गोंद. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, बॅटरीच्या दोन तारा जिथे बोर्डाला जोडल्या होत्या, तिथे एका जोडावर हळद आणि दुसऱ्यावर कुंकू. ताराही त्याच रंगांनी माखलेल्या. मला हसूच आलं. दसऱ्याला वखर, डवरा, विळा सगळ्याची पूजा होते, तशी बाईने मशीनची पूजा केली असणार. पण डब्याला बोट लावायचं सोडून थेट आत, सर्किटला! बायकोला बोलावून दाखवलं. तीही हसली.

असला बोर्ड ग्रुपवर कसा टाकणार? लोक काय म्हणतील? म्हटलं, आधी धुऊ, मग फोटो. दोन्ही तारा सोडवल्या, स्पिरिट घेतलं, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि बोर्ड असा घासला की नवा कोरा वाटावा. ताराही पुसल्या. दोन्ही काळ्याकुळकुळीत निघाल्या.

बिघाड मला त्याच संध्याकाळी सापडला, हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाचा जोड तडकला होता. सोल्डरचा एक थेंब दिला, काम झालं. दोन तारा परत लावायच्या आणि सकाळी उठून राळेगाव गाठायचं, एवढंच उरलं होतं.

पण फोटो व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी उजेड वाकडा पडला. तिसऱ्या दिवशी मोबाइलच्या भिंगावर बोटाचा डाग, तो मला रात्रीचं जेवण झाल्यावर दिसला. चौथ्या दिवशी पांढरा कागद आडवा धरून उजेड मऊ केला, वहीच्या थप्पीवर मोबाइल टेकवला, श्वास धरला, आणि बोर्डाच्या मागच्या बाजूचा असा फोटो आला की मी स्वतःच बघत राहिलो. तांब्याच्या रेषा कशा, वाफ्यातल्या पाण्यासारख्या वळत गेलेल्या. पुढच्या बाजूचा एकही काढला नाही, तिकडे तो घाणेरडा गोंद होता. एकूण त्रेचाळीस फोटो, सगळे मागचे. मध्येच बायको सांगत आली, “बाईंचा फोन होता, काल काकडून गेल्या म्हणे.” मी म्हटलं, “सांग, उद्या येतो.” ग्रुपवर त्या दिवशी मला खूप वा वा मिळाली.

पाचव्या दिवशी सकाळी तारा लावायला बसलो. समोर मोबाइल, मोबाइलमध्ये तो देखणा फोटो. फोटोत जाड रेष डावीकडे जात होती, म्हणजे प्लस डावीकडे. मी डावीकडच्या जोडाला तार लावली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून खूण केली, दुसरी तार उजवीकडे लावली आणि डबा बंद केला. फोटो मागच्या बाजूचा होता आणि मी सोल्डर पुढच्या बाजूने करत होतो. मागचं डावं म्हणजे पुढचं उजवं. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. खिशात मीटर होता, तो टेकवला असता तर क्षणात कळलं असतं. पण मीटर कशाला, माझ्याकडे फोटो होता ना!

शेतात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. बाई खांबाजवळच होती, डोक्याला शाल गुंडाळलेली, डोळे लाल. मी खुणेची तार बॅटरीच्या प्लसला लावली, दुसरी मायनसला. टिक झालं नाही. पट् असं झालं, आणि डब्यातून तो वास आला, जो मला झोपेतही ओळखता येतो. जळालं होतं.

बाईने डबा उघडायला लावला. वाकून आत बघितलं. जळालेल्या भागाकडे तिने पाहिलंच नाही.

“हयद कुठी गेली?”

“पुसली. घाण झालं होतं सगळं.”

“घाण?” ती ताठ उभी राहिली. “तीन सालाआंदी मिस्त्रीनं दोन्ही तारा काया लावल्या. लाल सरली म्हने. मी त्याले इचारलं, यातली पलस कोनती? त्यानं दाखोली, तवाच हयद लावली. पिवया तो पलस, लाल तो मायनस. दरसाली दसऱ्याले बाकी अवजारं पुजताना ते ठिपके नवे करा लागते, नाई तं उडून जाते. बॅटरी कितीक खेपा मीच काढली अन् मीच लावली. कधी चुकली नाई. तुले फोन करून इचारता नसतं आलं?”

“मला वाटलं, पूजा केली असशील.”

“पूजाच हाय ते,” बाई म्हणाली. “मंग काय झालं?”

इतकी वर्षं सर्किटचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या हातात त्या बोर्डाचा सगळ्यात उपयोगी नकाशा आयता आला होता, आणि त्याने तो दात घासायच्या ब्रशने घासून काढला होता. चिडलो, पण चिडायला समोर कुणी नव्हतं. बाईने ओढ्याकडच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथला हरभरा बुडापासून साफ झाला होता. “चार राती जागल केली म्या. पयल्या तीन राती रोही आले नाई. आज पाहाटं जरासा डोया लागला.” एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्रीला मीच फोन केला. तो तासाभरात आला, जुना बोर्ड उपटला, नवीन बसवला, वर तोच पिवळा गोंद ओतला. दहा मिनिटं लागली. मी बाजूला उभा राहून गुपचूप बघत होतो. तारा याही वेळी दोन्ही काळ्याच होत्या. त्याने मीटर टेकवून प्लस दाखवला. बाईने शालीच्या टोकाची गाठ सोडली. हळदीची पुडी, कुंकवाची पुडी. घरून निघतानाच बांधून आणल्या होत्या तिने. बाटलीतल्या पाण्याचा थेंब घेऊन आधी हळद, मग कुंकू, जोडावर आणि तारेवर नीट लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

“आता काढ फोटो. वरून.”

मी काढला. ऊन डोक्यावर, त्यामुळे चमक आली. माझ्याच बोटाची सावली अर्ध्या बोर्डावर पडली. मिस्त्रीचा पिवळा गोंद सगळ्यात ठळक आला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भिकार फोटो तो, ग्रुपवर मी टाकला नाही. पण हळद कुठे आहे आणि कुंकू कुठे आहे, हे त्यात आंधळ्यालाही दिसेल.

मिस्त्रीने खटका दाबला. टिक, टिक सुरू झालं. बाई खांबाला पाठ टेकून धुऱ्यावर बसली, म्हणाली, “पाच मिनटं बसतो अन् मंग तुले जेवाले वाढतो,” आणि बोलता बोलता भर उन्हात झोपून गेली. मिस्त्री निघून गेला. मी तिच्या डोक्यावर माझ्या सावलीचा आडोसा धरून तसाच उभा राहिलो, ऊन कलेपर्यंत.