माझा रिपोर्ट माझ्याआधी घरी पोचला

मैत्रिणींनो, आज गारखेड्याच्या दवाखान्यात गाठीचा रिपोर्ट आणायला गेले. "डॉक्टर निघून गेले, उद्या या," एवढंच कळलं.

बिडकीनला घरी आले, तर सासूबाई दारातच रडत होत्या. "कॅन्सर हाय म्हणं तुला. संतोषचा फोन आलता."

संतोष माझा चुलत दीर, त्याच दवाखान्यात बिलं बनवतो. मी त्याला फोन लावला.

"वहिनी, काळजीपोटी कॉम्प्युटरवर रिपोर्ट बघितला. डॉक्टरांचा पासवर्ड सगळ्यांनाच माहिताय."

"मला विचारायचं तरी!"

"घरच्या माणसाला काय विचारायचं?"

भांडायचं त्राण नव्हतं, फोन ठेवला. तेव्हापासून नातेवाईक फोन करून धीर देतायत. मी सगळ्यांना "हो, हो" म्हणतेय.

उद्या डॉक्टर सांगतील, तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करू का?