पडद्याआडचा आकडा

"आखणी झाल्याशिवाय पडदा उचलायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

परळच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यातला हा नियम. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. तोवर चारी बाजूंनी ताडपत्री, मध्ये देव, आणि देवासमोर स्प्रेगन घेऊन माझे बाबा. तोंडाला रुमाल. बस्स.

मी विचारलं. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी केलेल्या मुलीने दुसरं काय करायचं! त्या विचारण्यातून इतके किस्से साठलेत, की मैत्रिणी चहाला बोलावतात आणि एकेक काढून घेतात. आज सगळेच सांगून टाकते.

*

सुरुवात डॉक्टरांकडे झाली. चाळीचे तीन जिने चढताना बाबांना दोनदा थांबावं लागायला लागलं, तेव्हा मी त्यांना ओढतच नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

बाबा म्हणाले, "देवाचं."

"वा!" म्हणत डॉक्टरांनी इनहेलर लिहून दिला.

मी मध्ये पडून थिनर, स्प्रे, बंद पडदा सगळं सांगितलं. बाहेर आल्यावर बाबा माझ्यावरच चिडले. "देवाचं नाव कशाला खराब केलंस?"

*

त्याच संध्याकाळी लॅमिंग्टन रोडवरून गॅस सेन्सरचं मॉड्यूल आणलं. बोर्ड, छोटा डिस्प्ले आणि बझर जोडला आणि सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भोकं पाडून बसवलं. हवेत थिनरची वाफ किंवा धूर वाढला की आकडा वाढतो. नक्की कुठला वायू, ते त्याला सांगता येत नाही. हवा बिघडली, एवढं कळतं. मला तेवढंच हवं होतं.

पण हा सेन्सर पहिल्यांदा दिवसभर चालू ठेवून तापवावा लागतो. आणि आमच्याकडे बापूकाका आहेत! बाबांचे काका, साच्यांचं काम बघतात. दिसला दिवा की बंद कर, ही त्यांची सवय. तीन वेळा मी डबा चालू केला, तीन वेळा त्यांनी प्लग काढला. वर सांगतात, "तापला होता गं, जळून गेला असता."

चौथ्या वेळी मी डब्याला हळदकुंकू लावलं आणि शेजारी एक जास्वंद ठेवलं.

कोणाची हात लावायची हिंमत झाली नाही!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धूप लावला आणि बझर ठणाणा वाजायला लागला. नाना, म्हणजे माझे आजोबा, कारखान्याचे मालक. पूर्वी गिरणीत माग चालवायचे. गिरण्यांचा संप काही मिटला नाही, तेव्हा त्यांनी मातीत हात घातला आणि हा कारखाना उभा केला. त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही.

"काय गो चेडवा, देवाचो धूर पण खराब?"

"नाना, मशीनला देव कळत नाही."

"मगे ता तुझ्यासारख्याच आसा!"

अख्खा कारखाना हसला. मीही हसले, पण डबा हलवला नाही.

*

बापूकाकांना मग डब्याची गोडी लागली. येता-जाता वाकून आकडा वाचायचे. एका दुपारी अगदी नाक लावून म्हणाले, "हॅऽऽ, आज तर काहीच दाखवत नाही हा!"

आकडा सर्रकन वर. बझर सुरू.

"बिघडलं," काका म्हणाले.

मी म्हटलं, "नाही काका. याला दारूची वाफपण कळते."

मागे त्यांची बायको, आमची काकी, जेवणाचा डबा घेऊन उभी होती. काका सकाळीच तिला सांगून निघाले होते म्हणे, की आज एकादशी, आज काही घेणार नाही!

*

सगळ्यात मोठी मूर्ती ज्यांची, त्या मंडळाचे अध्यक्ष मूर्ती किती झाली ते बघायला आले. म्हणजे पडद्याबाहेर उभं राहून विचारायला. डबा मी आता पडद्याच्या फटीत टांगला होता, सेन्सर आत, आकडा बाहेर. त्याच्याकडे बघून म्हणाले, "ताई, हे काय?"

"आतली हवा किती खराब आहे, ते कळतं. आत्ता सातशेवर आहे."

"आणि पलीकडच्या मंडळाच्या मूर्तीजवळ?"

"तिथे चारशे होता."

अध्यक्षांची छाती फुगली. "म्हणजे आपलाच मोठा!"

*

आता शेवटचा. मोठ्या मूर्तीला रंगाचा शेवटचा हात चालू होता. आठवडाभर मी वहीत आकडे लिहीत होते. पडदा बंद असला की आठशेच्या वर, मागची बाजू चोरून थोडा वेळ उघडली की तीनशे. त्या दिवशी बाबा आत खोकायला लागले, आणि खोकला थांबेचना. मी मागच्या गल्लीकडची ताडपत्री वर ओढली आणि दोरी मनगटाला गुंडाळली.

नाना धावत आले. "सोड गो पडदो!"

"नाही सोडणार."

"ओल्या रंगावर धूळ बसेल," बापूकाका ओरडले.

"रंगावरची मी घासून काढीन. बाबांच्या छातीतलं कोण काढणार?"

"आखणीआधी देवाक कोणी बघूचा नसता!"

"मागून पाठ दिसते, नाना. डोळे पुढे आहेत."

नानांचा आवाज चढला. "आमी गिरणीत कापूस खाल्लो. आमच्यासाठी कोणी पडदो उचललो?"

"नाही उचलला. म्हणून तर तुम्ही तीन उशा लावून बसल्याबसल्या झोपता!"

नाना काही बोलायच्या आत, पुन्हा मूर्तीची चौकशी करायला आलेले अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, श्रद्धेचा विषय आहे. आजवर कोणाला काही झालंय का?"

"बरं," मी म्हटलं. "सोडते पडदा. पण आधी तुम्ही तिघं आत जा. स्टुलं देते. रंग संपेपर्यंत बाबांच्या शेजारी बसा. मी बाहेरून आकडा वाचून दाखवते. बोला, कोण आधी जाणार?"

बझर वाजतच होता. तिघांनी मूर्तीच्या पाठीकडे बघितलं. मग आत खोकणाऱ्या बाबांकडे. मग एकमेकांकडे.

मी दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला दिला. पडदा वरच राहिला.