टिकणार की नाही, हात वर करा!

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ड्राइव्ह-वेच्या कडेला ढकललेल्या बर्फासारखे ते आपोआप साठतात. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातली आम्ही चार मराठी घरं दर शनिवारी आपापला पदार्थ घेऊन देशपांडे काकांकडे पॉटलकला जमतो, आणि सध्या सगळा ढीग एकाच विषयाचा आहे. व्हाइट हाऊसमध्ये जो काही गोंधळ चाललाय, तो पूर्ण चार वर्षं टिकणार का? जेवायला बसण्याआधी काका रीतसर हात वर करून मतदान घेतात. भाजी गार झाली तरी चालेल, मतदान हवंच!

*

काकांचं अर्धं आयुष्य अमेरिकेत गेलं, पण राजकारणाचं डोकं अजून पुण्याचंच. एकदा व्हाइट हाऊसमधले दोन बडे अधिकारी लागोपाठ राजीनामा देऊन गेले, तसे काका खुर्चीतून उठलेच.

"पडलं सरकार! आता बहुमत कधी सिद्ध करायचंय?"

त्यांची मुलगी ईशा इथेच जन्मलेली, वकिली करते. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स!"

काका विचारात पडले. "म्हणजे कुणी फुटत नाही? आमदारांना रिसॉर्टवर नेत नाहीत?"

"नो, बाबा."

"मग इथल्या रिसॉर्टवाल्यांचं चालतं कसं?"

*

काकूंनी आमरसाचा एक डबा फ्रीजरच्या तळाशी ठेवलाय. हे सगळं संपेल त्याच दिवशी तो उघडायचा, असं त्यांनी जाहीर केलंय. काकांना डायबेटिस. एकदा ते चमचा घेऊन फ्रीजरपाशी सापडले.

"अगं, एक सेक्रेटरी, म्हणजे मंत्रीच, गेला ना, त्याच्यापुरता एकच चमचा!"

"अख्खं जाऊ दे, मग बघू," काकू म्हणाल्या आणि चमचा काढून घेतला.

*

काकांच्या शेजारी एक रिटायर्ड पोस्टमन राहतो. बर्फ काढता काढता मी त्यालाही विचारलं, इतक्या गोंधळात हे टिकेल का?

"माझं पहिलं लग्न असंच होतं," तो म्हणाला. "रोज आरडाओरडा, रोज बॅगा भरायच्या. चांगलं टिकलं."

"मग मोडलं कसं?"

"घरात शांतता झाली ना, तेव्हा!"

*

आणि आमचं मराठी मंडळ? गणपतीच्या मोदकांवरून कमिटीतले सगळे राजीनामा देऊन मोकळे झाले. अध्यक्ष एकटेच उरले, तरी टर्म पूर्ण केली. मी कौतुकाने विचारलं, टिकलात कसे?

"अहो, खुर्ची घ्यायला कुणी तयारच होईना!"

*

आता प्रफुल्ल. हा नागपूरचा, वर्क व्हिसावर. 'टिकणार नाही'ला सगळ्यांच्या आधी हात ह्याचा. कारण नागपूरला आई एकटी आहे, तब्येत नरम. भेटायला गेला तर परत येताना पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यावा लागणार, आणि नियम रोज बदलतात. तिकडेच अडकला तर इथली नोकरी गेली, सगळंच गेलं. "हे लोक गेले की लगेच येतो," असं त्याने आईला सांगून ठेवलंय. आम्ही त्याच्या हाताला हसायचो, पण मला त्याचं फार वाईट वाटायचं.

परवाच्या शनिवारी मतदानाच्या वेळीच आईंचा व्हिडिओ कॉल आला. प्रफुल्लने फोन कोशिंबिरीच्या वाडग्याला टेकवून ठेवला. तिकडे रविवारची सकाळ, आईंच्या हातात चहा.

"टिकणार नाही असं कोणाकोणाला वाटतं?" काकांनी विचारलं. प्रफुल्लचा हात वर.

"हे काय चाललंय बाप्पा?" आईंनी विचारलं. काकांनी सगळं समजावून सांगितलं.

"टिकतील नं! त्यांच्या तर दाराशी डॉक्टर उभा राह्यते," आई हसल्या. चहाचा घोट घेतला. "आता माझं पण घ्या नं मतदान. मी टिकणार नाही असं कोणाकोणाला वाटते?"

प्रफुल्लचा हात अजून वरच होता. त्याने तो झटकन खाली घेतला.

"आई, येतोय मी," तो म्हणाला.

काकू उठल्या. फ्रीजरमधून आमरसाचा डबा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि वाट्या मांडायला घेतल्या.