जळका वास

"घाई नको. तिला आधी मोकळा श्वास घेऊ दे," असं म्हणत तो वाइनचा ग्लास गोल फिरवायचा आणि डोळे मिटून त्यात नाक घालायचा. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, तेवढा वेळ त्याला थांबावंच लागायचं.

तो वसईचा. आमच्या दुबईच्या हॉटेलातली वाइन त्याच्या ताब्यात, मी बँक्वेटच्या ऑफिसात. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये दोघांची घरं एकाच इमारतीत, त्यामुळे जाणं-येणं त्याच्याच गाडीतून. एखाद्या वस्तूबद्दल घरच्या माणसासारखं बोलणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. त्याची लाडकी होती इटलीची एक लाल वाइन, तीन जातींच्या द्राक्षांची, गडद आणि दणकट.

"ही दादागिरी करणारी बाई आहे," तो नव्या वेटरांना सांगायचा. "मासळी ठेवलीत तर गिळून टाकेल तिला. हिच्यापुढे भाजलेलं मेंढीचं मटण ठेवा, मुरलेलं चीज ठेवा. यल्ला, चला, पाठ करा!" मग हळूच मला म्हणायचा, "खरी रंगते ती आमच्या इंद्यालाबरोबर. पण आंबट-तिखट पोर्क हे लोक मेनूवर कुठले घ्यायला!"

उन्हाळ्यात एका मोठ्या डिनरच्या आधी त्याने तिची बाटली उघडली, वास घेतला आणि ग्लास दूर सारला.

"जळलीय."

दुसरी उघडली. तीच तऱ्हा. तिसरीही. "रबर जळल्यासारखा वास येतोय," तो म्हणाला. शेफने सगळं किचन तपासलं. मॅनेजरने स्वतः वाइन चाखली, ती उत्तम होती. "हबीबी, जरा सुट्टी घे," मॅनेजर हसून म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

त्यानंतर भर उन्हात तो गाडीच्या काचा खाली करू लागला. "इंजिन जळतंय." मेकॅनिकला काही सापडलं नाही.

एका रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोने इंद्याल केलं होतं, त्याने तीच वाइन उघडली. जेवता जेवता तो गॅस बघायला उठला. येऊन बसला, पुन्हा उठला.

"अंकल, नथिंग इज बर्निंग," माझी मुलगी म्हणाली.

तो हसला, घास उचलला आणि तसाच थांबला. डोळे उघडे, पण आम्ही त्याला दिसत नव्हतो. तोंड रिकामंच, तरी ओठ काहीतरी चाखल्यासारखे हलत होते. कोपर लागून ग्लास आडवा झाला. वाइन टेबलावरून त्याच्या मांडीवर ठिबकू लागली, तरी तो हलला नाही.

"अहो!" बायकोने दंड धरला.

"मीठ अगदी बरोबर पडलंय," तो शांतपणे म्हणाला. मधे काही घडलं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

जिन्यात मी म्हटलं, "डॉक्टरकडे जा."

"आणि त्याने नाक बिघडलंय म्हटलं तर? नाक गेलं की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा खलास. पोरगी बारावीला आहे. परीक्षा झाली की जातो, इन्शाल्ला."

बायकोने ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी घेऊन गेली. मेंदूत जिथे वास ओळखला जातो, तिथेच गाठ निघाली. बरीच वाढलेली.

वसईला जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं. ते झालं, पण त्यातून तो शुद्धीवर आलाच नाही.

मला आठवतो तो त्यांचा निघायचा दिवस. घर रिकामं, बॅगा दाराशी. त्याने त्या लाडक्या वाइनची उरलेली बाटली काढली आणि मला ग्लास भरून दिला.

"मला आता सगळ्याला जळकाच वास येतो. तू सांग, कशी आहे?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सांग रे."

मी वास घेतला. "जांभूळ. पिकलेलं."

"अजून?"

"चामडं. नव्या चपलेसारखं."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. "अजून?"

"लवंग असेल. थोडी."

"अजून?"

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. त्याची बायको पर्स घेऊन दारात उभी होती. तिने त्याला हाक मारली नाही. मला आणखी कसलाच वास येत नव्हता. मी पुन्हा ग्लासात नाक घातलं आणि सांगत राहिलो.