उकळून निववलेलं पाणी

विळ्याची जखम भरली, पण उजव्या अंगठ्याशेजारचं बोट काही वाकेना. त्या दुष्काळाच्या साली तालुक्याच्या सोसायटीत टायपिस्टची जागा निघाली होती आणि परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. आमच्या अख्ख्या वस्तीत टायपिंग शिकलेली मी एकटी. असलं लाकडागत बोट घेऊन काय कपाळ टाईप करणार होते?

सोलापूरच्या दवाखान्यात हातापायांचा व्यायाम घेणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, "बोट वाकवणारी आतली दोरी तुटली असेल तर व्यायामाचा उपयोग नाही. नुसती चिकटली असेल तर सुटेल. पोटातलं बाळ बघायचं नवं मशीन आलंय, त्यावर बघू. हात पाण्यात बुडवला की दिसतं. पण इथं नळाला पाणी नाही. घरून आणा, उकळून, निववून. बुडबुडे नकोत."

आईनं दोन दिवसांचं पिण्याचं पाणी चुलीवर चढवलं. जळकोटपासून मी कळशी मांडीवर धरून एसटीत बसले. नळदुर्गला एका म्हातारीनं घोटभर मागितलं, तर मी तोंड फिरवलं. त्याची अजून लाज वाटते.

दवाखान्यात आमच्या शेजारच्या गावचे एक बागायतदार बसले होते. त्यांच्याही उजव्या हाताची बोटं आखडलेली. पाणी आणायचं विसरले होते. "पोरी, तुझ्यातलंच वापरू की," म्हणाले. मी व्हय म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कुणाच्यातली गं तू?" मी सांगितलं. ते बाकावर जरा लांब सरकून बसले.

आधी माझा नंबर लागला. टबात हात बुडवला. बाईंनी मशीनचा दांडा पाण्यात धरला. पडद्यावर नुसती राख पसरल्यागत दिसत होतं.

"वाकवा."

बोट हललं नाही.

"पुन्हा. जोर लावा."

दात आवळून जोर लावला. तेवढ्यात त्या राखेत एक पांढरी रेघ मुंगीएवढी सरकली आणि थांबली.

"अख्खी आहे," बाई म्हणाल्या. "चिकटलीय फक्त. आत्ता लावला तेवढाच जोर रोज लावायचा."

मी तिथंच रडले.

मग त्या बागायतदारांचा नंबर. टबाकडं बघून ते म्हणाले, "पाणी बदला."

"दुसरं नाही," बाई म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. मी कळशी पुढं केली. "हिच्यात अर्धं हाय अजून. कुणाचा हात लागला न्हाय त्याला."

ते कळशीकडं बघत राहिले. "पुढच्या मंगळवारी येतो," म्हणाले आणि निघून गेले. मी पुढं चार-पाच मंगळवार गेले. ते काही आले नाहीत.

बोट सुटलं. परीक्षा पास झाले, सोसायटीत लागले. वर्षभरानं ते बागायतदार अर्ज टाईप करून घ्यायला माझ्या टेबलापुढं उभे राहिले. मला ओळखलं असावं, खाली बघतच मजकूर सांगितला. मी अर्ज टाईप करून दिला, सही करा म्हटलं, तर त्यांना पेन धरता येईना. शेवटी मीच त्यांच्या बोटांत पेन ठेवला आणि वरून माझी बोटं मिटली. त्यांनी हात मागं घेतला नाही.

कीव यायला पाहिजे होती. मला राग आला. त्या दिवशी दवाखान्यात अर्धी कळशी भरलेली होती.