एसी उतरवायला येणारा

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास बहरीनमधल्या मआमीरच्या आमच्या कामगार कॅम्पात खोलीला रंग एकाच कारणाने लागायचा. कोणी वारला, की नवा माणूस यायच्या आत कंपनी त्याची खोली रंगवून घ्यायची. म्हणून एसी उतरवणारा तो रत्नागिरीकडचा मेकॅनिक दिसला, की आमच्या गप्पा बंद व्हायच्या. तो खिडकीतला एसी एकट्याने अंगावर घ्यायचा, भोकाला पुठ्ठा लावायचा आणि म्हणायचा, "खलास. रंग वाळला की बसवतो." मागून रंगवाले यायचे, म्हणून जाताना दार सताड उघडं ठेवायचा.

एका दुपारी तो माझ्या खोलीत आला. माझा खोलीतला जोडीदार तापाने हॉस्पिटलात होता.

"खोली चुकलात," मी म्हणालो. "तो उद्या येतोय. पेजेला तांदूळसुद्धा आणून ठेवलेत."

त्याने तांदळाच्या पिशवीकडे पाहिलं, मग दोरीवरच्या जोडीदाराच्या लुंगीकडे. हातातला पाना त्याने आवाज न करता आपल्या हत्यारांच्या पिशवीत ठेवला.

"चुकलोच, भाऊ. ऑफिसात रूम नंबर नीट ऐकला नाही."

मला बरं वाटलं. तो निघाला, आणि सवयीने दार सताड उघडं ठेवून गेला.